पन्नास लाखांच्या आधीचा प्रश्न

गावाकडच्या ग्रुपवर एखाद्या बाळासाठी मदतीचं आवाहन आलं, की दुर्मीळ आजारांच्या सरकारी धोरणावर वाद पेटतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दर रुग्णामागच्या मदतीची मर्यादा २० लाखांवरून ५० लाखांवर नेली, ती पुरते का? वाद रास्तच आहे. पण इंग्लंडमध्ये राहून मला त्याआधीचा प्रश्न छळतो: बाळ त्या पैशांपर्यंत जिवंत पोचतं का?

स्किड या आनुवंशिक आजारात बाळाला संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशीच नसतात. अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के बाळं पाच वर्षांनंतरही जगलेली होती. म्हणजे उपचाराइतकीच वेळ महत्त्वाची. इंग्लंडच्या काही भागांत सप्टेंबर २०२१ मध्ये नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबावर स्किडची तपासणी सुरू झाली. आजार पक्का झाला की बाळ ट्रान्सप्लांटसाठी न्यूकॅसल किंवा लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलला जातं. तज्ज्ञ शोधत आईबापाला फिरावं लागत नाही.

आपल्याकडे जन्मताच बीसीजी देतात. टीबी पाहता ते योग्यच आहे, सरसकट थांबवा असं मी म्हणणार नाही. पण ती जिवंत जंतूंची लस आहे आणि स्किडच्या बाळात तोच जंतू अंगभर पसरतो. म्हणून आधीचं मूल किंवा आईचा भाऊ तान्हेपणी गेला असेल, तर तपासणी होईपर्यंत ती थांबवायला हवी. हे विचारतं कोण? माझ्या आजोळी एका मामीचे दोन मुलगे वर्षाच्या आत गेले. दोष तिच्या पायगुणाला दिला गेला. रक्त कुणी तपासलं नाही. ते आठवलं की आजही संताप येतो.

सुरुवातीला महागडं यंत्रही लागत नाही. साध्या सीबीसीत तान्ह्या बाळाची लिम्फोसाइटची (टी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशींची) निव्वळ संख्या मायक्रोलिटरमागे तीन हजारांखाली असेल, तर पुढे तपासायलाच हवं. पुढची सोय मुंबईत परळला आहे: केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवरची संशोधन संस्था, जवळच वाडिया मुलांचं हॉस्पिटल. केईएम तर त्या सरकारी मदतीचंही केंद्र आहे. गडचिरोलीच्या बालरोगतज्ज्ञाने नमुना परळला कसा पाठवायचा, त्याचा खर्च कुणी करायचा, आणि तोवर बाळाला रक्त द्यावं लागलं तर ते इरॅडिएटेड (दात्याच्या पांढऱ्या पेशींनी बाळावर हल्ला करू नये म्हणून किरणांनी प्रक्रिया केलेलं) मिळेल का, हे राज्य सरकारने ठरवून प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला लेखी कळवावं. मर्यादा वाढवण्याची मागणी करणाऱ्यांनी ही मागणीही सोबत लावून धरावी.