तिरका घोडा आणि सरळ काका

उशी घेऊन डाव्या बाजूला रेलून टाइप करतेय, शुद्धलेखन तिरकं आलं तर सांभाळून घ्या. आज सकाळी घोड्यावरून पडले. पडल्याचं काही वाटत नाही, घोड्यावर बसणारा पडतोच. पडल्यावर जे एक वाक्य ऐकावं लागलं ना, ते अजून कमरेपेक्षा जास्त ठणकतंय.

ड्रेसाज नावाच्या खेळाच्या मी नादी लागलेय. 60 बाय 20 मीटरचा आखाडा, कडेला अक्षरांच्या पाट्या, आणि त्या अक्षरांवर घोड्याने ठरलेल्या चाली अगदी नेमक्या करून दाखवायच्या. प्रत्येक चालीला 0 ते 10 मार्क. यातली मेख अशी की स्वार काहीच करत नाहीये असं दिसलं पाहिजे. पोटरी, मांडी, बोटं, श्वास, सगळीकडून सूचना चालू आणि बघणाऱ्याला वाटावं बाई निवांत बसल्यात. कागदोपत्री माझ्या घोड्याचं नाव भारदस्त आहे, तबेल्यात त्याला बंड्या म्हणतात आणि तो त्याच नावाला जागतो.

थंडीत सगळं काम दुप्पट. बिट (लगामाचा तोंडात जाणारा भाग) धातूचं, गारठलेलं, तसंच तोंडात घातलं तर उद्यापासून तो तोंड उघडणार नाही, म्हणून मी ते काखेत धरून गरम करते. (हो, काखेत. मग ते त्याच्या तोंडात जातं. त्याची तक्रार नाही, तुम्ही करू नका.) सॅडल ठेवलं की पाठीची कमान होते, तंग (सॅडलचा पोटाखालचा पट्टा) एकदम आवळायचा नाही, एकेक भोक करत जायचं, आणि मग पाठीमागच्या पुठ्ठ्यावर रग (घोड्याचं पांघरूण) टाकून पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालवायचं, कारण आखडलेल्या स्नायूंवर थेट काम लादलं तर घोडा लंगडतो. माझे स्नायू आखडलेत का हे कुणी विचारत नाही. घोड्याला तीन रग आहेत, मला एक जॅकेट आहे, त्याचीही चेन अडकते.

तर काका.

काकांची नात पलीकडच्या छोट्या रिंगणात पोनीवर शिकते. तिचं एक तास चालतं आणि तो तासभर काका माझ्या कुंपणाशी उभे असतात. कानटोपी, मफलर, हातात थर्मास. नातीकडे पाठ. नातीचं काय बघायचं, ती बिचारी नीट बसते.

पहिल्या दिवशी मी वॉक करत होते, विसावं मिनिट असेल. काका म्हणाले, "ताई, पेट्रोल संपलं का?" मी समजावलं की थंडीत आधी अंग मोकळं करावं लागतं. "अच्छा, डिझेल आहे होय!" म्हणाले आणि त्यांच्या जुन्या गाडीला सकाळी किती वेळ लागायचा ते दहा मिनिटं सांगितलं. वाईट म्हणजे उपमा बरोबर होती. मी तीन महिने लोकांना जे समजावतेय ते त्यांनी एका शब्दात संपवलं.

मग लेग यील्ड. म्हणजे घोडा पुढेही जातो आणि बाजूलाही, पाय एकमेकांसमोरून टाकत. काकांनी बराच वेळ मान वाकडी करून बघितलं. "अलाइनमेंट गेलीय याची."

"नाही काका, मुद्दाम आहे."

"मुद्दाम?" थर्मासचं झाकण फिरवत ते विचारात पडले. "का?"

आता का म्हणजे काय सांगणार. घोडा लवचिक होतो, पायाचा इशारा ऐकायला शिकतो, हे सगळं मला येतं. पण पहाटेच्या गारठ्यात नाक गळत असताना मफलरातून आलेल्या त्या "का?" पुढे मला क्षणभर स्वतःलाच कळेना की मी इथे काय करतेय.

मग त्यांना बंड्याचे भादरलेले केस दिसले. मानेखालून पोटापर्यंत पट्टा काढलाय. "खरूज झालीय का?" म्हटलं नाही काका, हिवाळ्यात याची लव दाट वाढते, काम केलं की घामाने भिजते, वाळायला तास न् तास लागतात आणि ओल्या अंगाने थंडी भरते, म्हणून काढतात. "आणि मग थंडी वाजू नये म्हणून?" म्हटलं रग घालतात. काका काहीच बोलले नाहीत. फक्त हसले. त्या हसण्यात एवढं होतं की म्हणजे स्वेटर उसवायचा आणि वर शाल पांघरायची. भादरणाऱ्याला मी जे पैसे दिले ते मला त्याच क्षणी आठवले.

पाट्या तर त्यांना मुळीच पटत नाहीत. ए, के, व्ही, ई, एस, एच, सी, एम, आर, बी, पी, एफ. "पेंटरने घोळ घातलाय," म्हणाले. हा क्रम असाच का, याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नाही, त्यामुळे पेंटरची थिअरी मी खोडू शकले नाही.

आणि आज सकाळी: "हे ऑलिम्पिकमध्ये वगैरे असतं का?"

म्हटलं आता सापडले. सांगितलं, 1912 पासून आहे. "मग मेडल कुणाला, घोड्याला की माणसाला?" माणसाला. "अरेरे," काका बंड्याकडे बघून म्हणाले. मला चेवच आला. म्हटलं काका, 1948 ला लंडनला स्वीडनच्या टीमने सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतलं, का, तर तेव्हा नियमाप्रमाणे फौजेतला स्वार अधिकारीच लागायचा आणि त्यांच्यातला एक जण खरा अधिकारी नव्हता. बायकांना तर या खेळात 1952 मध्ये पहिल्यांदा घेतलं. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल रौप्य घेऊन गेल्या. पोलिओने गुडघ्याखाली पायात ताकद नाही, घोड्यावर चढता-उतरताना मदत लागायची, आणि 1956 ला परत रौप्य! अंगावर काटा येतो हो मला हे सांगताना.

काका गंभीर झाले. कपातला घोट घेतला. म्हणाले, "म्हणजे बघा. घोडाच सगळं करतो ना."

यावर उत्तर नव्हतं म्हणून मी ट्रॉट (दुडकी चाल) मागितला. इथेच चुकलं. जमीन कडक म्हणून बंड्या दोन दिवस तबेल्यात उभा होता, अंगात नुसती रग भरलेली. (अंगावरची वेगळी.) स्पर्धेत स्वाराने तोंडातून आवाज काढला तरी मार्क कापतात, इतकी शांतता असते. इथे काकांना शिंक आली. एवढ्यावर भागलं असतं, पण त्यांनी पाठोपाठ पांढराशुभ्र रुमाल झटकला. ज्या काकांना बंड्या रोज चाळीस वेळा ओलांडतो ते आज त्याला पहिल्यांदाच दिसले. तो बुजला आणि उजवीकडे गेला. मी ठरल्याप्रमाणे सरळ ई कडे गेले. माझी मांड पक्की आहे असं मी लोकांना सांगत असते. आखाड्यातली वाळू अशा थंडीत वाळू राहत नाही, फरशी होते, हे मी लोकांना आता सांगेन.

उताणी पडल्या पडल्या मी बघितलं, तर बंड्या दुडक्या चालीने काकांसमोर गेला आणि थांबला. पुढचे दोन पाय एका रेषेत, मागचे दोन एका रेषेत, वजन चारींवर सारखं. या हॉल्टसाठी मी सहा महिने घासतेय. एक मागचा पाय कायम मागे राहतो म्हणून कोचची बोलणी खातेय. इथे लगाम लोंबतोय, वर कुणी नाही, आणि घोडा पुतळ्यासारखा.

काकांनी आधी विचारलं, "घोड्याला लागलं नाही ना?" मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "बघा ताई, तुम्ही उतरलात की कसा छान उभा राहतो."

उतरलात!

नंतरचं कुणी बघत नाही. मी परत चढले, काम संपवलं, घाम निवेपर्यंत चालवलं, लोकरी रग घालून वाळेपर्यंत थांबले. थंडीत घोडे पाणी कमी पितात, आणि वर कोरडी वैरण खाऊन पोट धरलं की जिवावर बेततं, म्हणून लंगडत लंगडत कोमट पाण्याची बादली आणली. वैरण टाकली, तीच पोटात आंबून त्याला रात्री ऊब देते. हे सव्वा तासाचं काम. काका तोवर नातीला घेऊन घरी पोचलेसुद्धा, आणि पोचून त्यांनी तबेल्याच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. मी पडते ते त्यात नाहीये, तेव्हा रुमाल आड आला असणार. फक्त हॉल्ट आहे, पूर्ण अकरा सेकंद.

खाली कोचने लिहिलंय, "सुरेख! आठ मार्क. आज कोण बसलं होतं याच्यावर?"