सासूला 'बे' म्हणा, काम पक्कं!

दुपारच्या मालिकेत काम करायची इच्छा आहे? मग अभिनय शिकायला कुठे नाव घातलं असेल तर आधी ते काढा. फी परत मिळत असेल तर घ्या, त्यातून चार भरजरी साड्या येतील. त्या जास्त उपयोगी आहेत.

हे मी हवेत बोलत नाही. पायाला प्लास्टर म्हणून मागचे 9 दिवस घरी होतो. बाहेर 45 डिग्री, घरात एकच कुलर. कुलरसमोर आईची खुर्ची आणि खुर्चीसमोर टीव्ही. म्हणजे हवा पाहिजे तर मालिका पाहावीच लागते. त्या 9 दुपारींचा हा अभ्यास तुमच्या चरणी.

पहिलं म्हणजे चेहरा हलवू नका. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की जेमतेम 22 मिनिटं उरतात, आणि ती भरायला तुमच्या भुवया पुरतात. समजा, ओट्यावर दुधाचं भांडं कलंडलेलं सापडलं. तुम्ही फक्त डोळे मोठे करा. कॅमेरा तुमच्यावर तीनदा येईल, ढँण, ढँण, ढँण. मग तो सासऱ्यांवर, दोन जावांवर, आत्याबाईंवर आणि विनाकारण सोफ्यावर बसलेल्या एका इसमावर जाईल. दूध कोणी सांडवलं, हे कोणीच विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी भाग सुरू झाला की तेच दूध पुन्हा सांडेल. 9 दिवसांत मी ते चारदा सांडताना पाहिलं. अमेरिकेत 1930 च्या दशकात साबणवाल्या कंपन्या रेडिओवर अशा मालिकांना पैसे पुरवायच्या, म्हणून याला 'सोप ऑपेरा' म्हणतात. साबण तेव्हापासून बराच सुधारला.

आईची भूमिका हवी असेल तर वय मुलाएवढंच ठेवा. कपाळावर एक पांढरी बट रंगवली की झाली आई. दोन बटा म्हणजे आजी.

रडताना काजळ पसरू देऊ नका.

मालिका मध्येच सोडायची असेल तर खुशाल सोडा. सोमवारी तुमच्याच मंगळसूत्रात दुसरी बाई चहा घेऊन येते आणि नवऱ्याला पत्ता लागत नाही. मी हे आईला दाखवलं, तर म्हणाली, "त्यात काय? तुझ्या बाबांनी तरी कुठे मान वर करून पाहिलं असतं?"

आता मुख्य धडा. तुम्हाला 'नागपूरची' सून व्हायचं असेल, तर नागपूरला येण्याची काहीच गरज नाही. प्रत्येक वाक्यात एकदा 'राहिली' टाका, शेवटी 'बे' लावा, संपलं. आम्ही सध्या पाहतो त्या मालिकेत ही सून आहे. परवा ती चक्क सासूला म्हणाली, "काय करून राहिली बे आई?" आईच्या हातातली शेंगांची परडी थांबली. "बे? सासूले?" एवढंच म्हणाली. एरवी आई अशी बोलत नाही, रागावली की तिचं माहेर बाहेर येतं. अहो, 'बे' म्हणजे दोस्ताला, लहान भावाला, फार तर पानठेल्यावरच्या ओळखीच्या पोट्ट्याला. सासूला 'बे' म्हणणारी सून नागपुरातल्या अख्ख्या महालात, धरमपेठेत, नंदनवनात सापडणार नाही, आणि सापडली तर ती दुसऱ्या दिवशी माहेरी सापडेल. 'चहा करून राहिली' म्हणजे आत्ता, या क्षणी करते आहे, गॅस चालू आहे. ही बाई नवऱ्याला म्हणते, "मी तुला कधीच विसरून राहणार नाही बे." हे कोणतं व्याकरण? कोणत्या गल्लीतलं?

बरं, भाषा सोडा. नागपूरच्या माहेरची पोरगी आमटीवर 'कोथिंबीर' भुरभुरवते. आमच्याकडे तिला सांबार म्हणतात, जुडी सांबाराची असते, वडी सांबाराची असते. तिचे वडील तिला भेटायला येतात ते भर मे महिन्यात, संत्र्यांची टोपली घेऊन. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मे महिन्यात ही संत्री कुठून तोडली, आर्ट डिपार्टमेंटच्या झाडावरून? आणि वडील आले ते कोट घालून! फ्लॅशबॅकमध्ये तीच पोरगी दुपारी दोन वाजता सीताबर्डीतून चालते. दुपट्टा नाही, डोकं उघडं, केस मोकळे, घामाचा थेंब नाही. आमच्या इथे त्या वेळी कुत्रं नालीतून उठत नाही.

हे काम खरंखुरं नागपूरचं माणूस करू शकत नाही, असं समजू नका. माझा एक मित्र आहे. नाव सांगत नाही, कारण त्याला अजून काम मिळायचं आहे. 14 वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत उभा राहतो. हा माणूस नुसता स्टेजवर पाठमोरा बसला तरी पहिल्या चार रांगा खोकायच्या थांबतात. मागच्या वर्षी विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून ऑडिशनला गेला. पहिला प्रश्न, "इन्स्टावर किती आहेत?" हा म्हणाला, "412." मग त्यांनी ड्रायव्हरचा कागद पुढे केला. म्हणे जरा वऱ्हाडी टोन द्या, कॉमेडी पाहिजे. याने वाक्य म्हटलं, आमचा शेजारी बोलतो तसं. ती पोरं एकमेकांकडे पाहून म्हणाली, "सर, इतकी खरी नको. जरा मालिकेतल्यासारखी करा ना."

मालिकेतल्यासारखी! म्हणजे आमची भाषा आम्हाला येत नाही, ती यांच्याकडून शिकायची. आणि ती शोभणार फक्त ड्रायव्हरला, वॉचमनला, स्वयंपाकघरात भांडी पाडणाऱ्या गड्याला. वकील, डॉक्टर, प्रेमात पडणारा नायक वऱ्हाडी बोलला की यांच्या कॅमेऱ्याची काच तडकते का?

तिकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जाऊन पाहा. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकं उभी राहतात, ती होळीपर्यंत चालतात. रात्री पडदा उघडतो आणि पार पहाटे पडतो. थंडीत चादरी पांघरून बसलेल्या हजारो माणसांना तिथला नट तोवर जागं ठेवतो. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली. दिल्लीला ते दिसले, मुंबईत गोरेगावच्या मालिकावाल्यांना दिसत नाहीत.

जाऊ द्या, सल्ला वगैरे पुरे. मला त्या सुनेचं काम करणाऱ्या पोरीचा राग नाही. ती बारा-तेरा तास उभी असते, संवादाचा कागद तिला मेकअप चालू असताना मिळतो, पैसे तीन महिन्यांनी. रोज भाग जायचा म्हटल्यावर अभिनय कुठून आणेल बिचारी? पण माणूस निवडायला तर घाई नव्हती ना? मालिका सुरू व्हायच्या आधी तुम्ही घरांचे रंग ठरवता, पडद्यांची कापडं ठरवता, सुनेच्या नथीवर मीटिंगा घेता. मग एक फोन नागपूरला करायला काय झालं होतं? सेटवर इथलं एक माणूस बसवा, दिवसाचे हजार-दोन हजार द्या, तो सांगेल 'बे' कोणाला म्हणायचं ते. तेवढंही होत नाही तुमच्याच्याने, कारण गुरुवारी टीआरपी बरा आला की तुमचं सगळं बरोबरच असतं. आळशी आहात तुम्ही, दुसरं काही नाही. आणि आम्हीही तसलेच, नावं ठेवत ठेवत रोज दुपारी समोर बसतो.

हे सगळं मी आईला मोठ्याने ऐकवलं आणि रिमोटकडे हात नेला. तिने तो आधीच मांडीखाली घेतला होता.

"थांब ना," म्हणाली, "दूध कोणी सांडवलं ते आज सांगून राहिले."