आउटडोअर कुठंही लावा, काय होत नाही ओ!

बेळगावात एसी घेणं म्हणजे गल्लीला आठवडाभराचा विषय पुरवणं. "गरिबांच्या महाबळेश्वरात राहता आणि एसी?" असं कुणी विचारलं, तर आपला एसी गरमही करतो हे चुकूनसुद्धा सांगू नका. मी सांगितलं. आईचे गुडघे जुलैच्या ओलीत आखडतात म्हणून हॉट अँड कोल्ड घेतला. समोरच्या काकांना समजावलं की हेच मशीन उलटं चालतं, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून खोलीत आणतं, एका युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब मिळते. काका छत्री झटकत म्हणाले, "बाहेर धो धो पडालंय, उष्णता कुठली आलीय?"

तर मशीन आलं. आता ते बसवायचं कसं, हे ताज्या अनुभवावरून शिकवतो. जखम ओली आहे तोवर ऐकून घ्या.

फिटिंगवाला "गोवावेसला पोचलोय ओ सर" म्हणाला की दोन तास झोप काढा.

बाहेरच्या युनिटसाठी घरातली सगळ्यात अडचणीची जागा निवडा. दोन घरांमधला अडीच फुटी बोळ सर्वांत उत्तम. कंपनीच्या पुस्तकात मागे वीतभर आणि पुढे मोकळी जागा सोडा असं लिहिलेलं असतं, पण पुस्तक लिहिणाऱ्यानं वडगावातल्या गल्ल्या कुठं बघितल्यात? पंख्यानं फेकलेली हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत त्याच्याच पाठीत शिरू दे. मे महिन्यात तो स्वतःचीच गरम हवा ओढेल, जुलैत स्वतःचीच गार, आणि बारा महिने धापा टाकेल. बिल तुम्हीच भरणार आहात, त्याला काय त्याचं?

पाइपचं माप टेपनं घ्या म्हणू नका, कारागिराचा अपमान होतो. तो हातानं वाव मोजतो, आणि बिल लिहिताना वाव आपोआप लांबते.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला जरा उतरतं पाडायचं असतं. आमच्याकडे आतल्या बाजूला उतरतं पाडलं. आपला पाऊस आडवा येतो हे काय नव्यानं सांगायचं! तीन दिवसांत पलंगामागे ओघळ. भोकात काय भरलं होतं ते खरवडून बघितलं, तर पेपरचा बोळा निघाला, वर पुट्टीचा हात. त्या बोळ्यावरची निम्मी हेडलाइन अजून वाचता येत होती.

आता मुख्य धडा. व्हॅक्यूम पंप.

या पंपाचं नाव काढू नका. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल पंपानं खेचून काढायची असते. पंधरावीस मिनिटं पंप चालवायचा, मग बंद करून गेजचा काटा हलत नाही ना, ते बघत थांबायचं. एवढा वेळ कुणाकडे आहे? आमच्या तज्ज्ञानं नट अर्धा आटा सैल केला, फुस्स करून थोडा गॅस सोडला, नट आवळला आणि म्हणाला, "एअर काढली सर." मी विचारलं, पंप? "गाडीत हाय की, पण तेवढं काय लागत नाही ओ." मी गप्प बसलो. तुम्हीही बसा. शिकलेल्या माणसाला ते शोभतं.

अहो पण जुलैतली बेळगावची हवा! मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटी गॅसजवळ ठेवल्याशिवाय काडी पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. ती हवा तुम्ही पाइपात कोंडून झाकण लावता? ती ओल आतल्या तेलात मिसळते, त्याचं आम्ल होतं आणि ते कॉम्प्रेसर आतून खातं. आज नाही कळत, वॉरंटीचा कागद हरवला की कळतं. आणि वरून फुस्स केलेला तो गॅस आर-32, म्हणजे थोडाफार पेट घेणारा. शेजारी याच्या ओठांत बिडी. मोजून भरलेला गॅस हवेत सोडायचा आणि अकराव्या दिवशी 'गॅस कमी झालाय' म्हणून अडीच हजार मागायचे, याला धंदा म्हणायचं की दरोडा?

अकराव्या दिवशीच झालं. आधी कोमट, मग नुसता वारा. मी दाढीच्या ब्रशनं जोडावर साबणाचा फेस लावून बघितला. नटाच्या कडेला बारीक बुडबुडे, एकामागून एक, संथ, भात शिजताना कडेला येतात तसे. खाली तेलाचा डाग. पाइपचं तोंड नीट फुलवलेलंच नव्हतं.

हेल्पलाइनला फोन करा. भाषा निवडताना मराठी कितव्या नंबरवर आहे ते शोधू नका. आम्ही 1956 पासून शोधतोय.

गरम करताना बाहेरच्या युनिटला घाम सुटतो, पाणी ठिबकतं, हे शेजाऱ्यांना आधी सांगू नका. पाणी लावून देण्याचा प्लास्टिकचा एल्बो खोक्यात थर्माकोलखाली असतो; खोकं भंगारात घालून टाका. मग खालच्या काकू वाळत घातलेली चादर घेऊन वर येतील, तेव्हा कळेल की आपण गल्लीत किती वर्षांचा घरोबा मिळवला होता.

आणि शेवटचं. युनिट चढवताना सेफ्टी बेल्ट मागू नका. हेल्पर पोरगं अठराचं असेल नसेल. दुसऱ्या मजल्याचा छज्जा, त्यावर हिरवं शेवाळ, पायात रबरी चप्पल, हातात तीसेक किलोचा डबा. दोर विचारला तर म्हणाला, "सवय हाय काका."

मी खिडकीतून त्याच्या पॅन्टचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभा होतो. दहा मिनिटं. माझे हात थरथरत होते, त्याचे नव्हते. त्याचा पाय एकदाच सरकला, टाचेएवढा.

आता उपरोध बास. दुकानदारांनो, शोरूममध्ये पेढा देता, मशीन विकताना तासभर गोड बोलता, आणि बसवायला दिवसात आठ-आठ घरं वाटून देऊन ही पोरं पाठवता? पाचशेचा पट्टा घेऊन देता येत नाही तुम्हाला? पंप गाडीतून वर आणायला वेळ मिळत नाही, कारण पुढचं घर अनगोळला वाट बघतंय. आणि आपण गिऱ्हाईक! 'आजच बसवून द्या, उद्या चालणार नाही' म्हणून फोनवर ओरडणारा मीच होतो. फिटिंगचे तीनशे कमी करा म्हणून घासाघीस करणाराही मीच. कशाची घाई होती रे? पाऊस काय पळून चालला होता?

उद्या तो परत येतोय. रविवार पेठेतून जाड दोर आणून ठेवलाय, गच्चीच्या खांबाला बांधूनही बघितला. पंप खांद्यावर नसेल तर जिन्यातूनच परत पाठवणार, असं मी घरात जाहीर केलंय. आई गुडघ्यावर शेकायची पिशवी धरून बसलीय. म्हणाली, "पाठव की. पण त्या पोराला आधी चहा दे."