पैसे न भरलेल्या बोलीबद्दलच्या एक-तारा रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही आमच्या दुकानाला एक तारा दिलात. तुमचं म्हणणं असं की लिलाव तुम्ही जिंकला होता, आम्ही कारण नसताना ऑर्डर रद्द केली, तीच लेन्स जास्त पैसे देणाऱ्याला विकली आणि वर तुमच्याच खात्याविरुद्ध तक्रार केली. शेवटी इतरांनाही सांगितलंत की यांच्याकडे बोली लावू नका. रिव्ह्यू जाहीर आहे, म्हणून उत्तरही जाहीर देतो आहे. तुमचं नाव, तुमचं खातं किंवा आपल्यातल्या निरोपांचे शब्द मी इथे उघड करणार नाही. साइटच्या संदेशपेटीत ते सगळं तारीखवार जपलेलं आहे.

ऑर्डर आम्ही रद्द केली, हे खरं आहे. पैसे आले नाहीत, म्हणून केली. लिलाव संपल्यापासून चार दिवसांत पूर्ण रक्कम भरायची, ही अट लेन्सच्या वर्णनात लिहिलेली होती आणि बोली लावताना तुम्ही ती मान्य केली होती. लिलाव संपताच बिल गेलं, नंतर आठवण करून देणारे निरोप गेले, काही अडचण आहे का हेही विचारलं. एकाचंही उत्तर आलं नाही. मुदत उलटून गेल्यावर आम्ही साइटवर ‘पैसे भरले नाहीत’ अशी नोंद करून व्यवहार बंद केला. तुमचा पहिला निरोप आला तो त्यानंतर, आणि त्यात पैशांचा विषयच नव्हता. नोंद मागे घ्या, नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकतो, एवढंच होतं. नोंद मागे घेतली नाही आणि रिव्ह्यू आला. लिलावाच्या साइटवर पैसे न भरणाऱ्याचा अभिप्राय काढून टाकला जातो, म्हणून तो इथे, दुकानाच्या पानावर आला असावा.

जास्त पैसे देणाऱ्याला विकली, हा आरोप मला सगळ्यात लागला. त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण हे पान वाचणाऱ्या इतर बोलीदारांच्याही ते कामाचं आहे.

लेन्स दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला गेली आणि तुमच्या बोलीपेक्षा कमी रकमेला गेली. दुसरं काही होऊच शकत नव्हतं. या लिलावांत प्रत्येकजण आपली कमाल रक्कम आधी सांगून ठेवतो आणि साइट त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवत नेते. जिंकणाऱ्याला आपली कमाल रक्कम मोजावी लागत नाही. दुसऱ्याची कमाल जिथे संपते, त्याच्या एक पायरी वर किंमत थांबते. म्हणजे तुमच्या नावावर जी किंमत लागली, ती त्या दुसऱ्या माणसानेच तिथवर आणली होती. तुम्ही पैसे भरले नाहीत तेव्हा साइटच्या सोयीने आम्ही त्याला ‘दुसरी संधी’ दिली. त्याने स्वतः लावलेली सर्वांत मोठी बोली हाच त्या संधीचा भाव असतो. आम्हाला तो वाढवता येत नाही.

आता त्याच्या बाजूने पाहा. तुम्ही लिलावात नसतात, तर किंमत तिसऱ्या बोलीदाराच्या एक पायरी वर थांबली असती आणि त्याला लेन्स बरीच स्वस्त मिळाली असती. तुमच्या बोलीने त्याला त्याच्या कमाल रकमेपर्यंत ढकललं आणि तुम्ही निघून गेलात. त्यावर आमच्याकडून ‘आता तुम्ही घ्या’ असा निरोप आला, तेव्हा त्याच्या मनात पहिली शंका काय आली असेल? विक्रेत्यानेच भाव चढवायला खोटा बोलीदार उभा केला होता, हीच. त्याने आम्हाला तसं सरळ विचारलं, आणि विचारणं रास्तच होतं. आपल्याच मालावर आपल्याच माणसाकडून बोली लावून घेणं ही लिलावातली जुनी फसवणूक आहे आणि ईबेसकट बहुतेक लिलाव साइटवर त्याला बंदी आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र खोटा बोलीदार आणि पैसे न भरणारा बोलीदार यांच्यात फरक दिसत नाही. दोघेही भाव चढवतात आणि दोघेही पैसे देत नाहीत. त्या गृहस्थांना आम्ही सांगितलं की तुम्हाला नकोशी वाटत असेल तर लेन्स पुन्हा लिलावाला लावतो, तुमच्यावर कसलंही बंधन नाही. पैसे न भरल्याची नोंद साइटकडे झालेली आहे, हेही कळवलं. त्यांनी लेन्स घेतली, त्याच दिवशी पैसे भरले. पण ज्या दुकानावर त्यांना शंका घ्यायची वेळ येऊ नये, त्यावर ती आली. पुन्हा पॅकिंग आणि पुन्हा पत्रव्यवहार हा आमचा रोजचा भाग आहे, त्याचं मी मोठं करत नाही. एका प्रामाणिक ग्राहकाचा विश्वास हलला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

‘तक्रार’ हा शब्द तुम्ही वापरलात, तेव्हा त्याबद्दलही बोलायला हवं. लिलाव संपला की साइट आपलं कमिशन आमच्या खात्यावर लावते, पैसे आलेले असोत वा नसोत. ते परत मिळवायचं तर पैसे न आल्याची नोंद करावीच लागते. नोंद करण्याचं हे एक कारण. दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं आहे. बऱ्याच साइटवर विक्रेत्याला अशी अट घालता येते की ज्या खात्यावर पैसे बुडवल्याच्या नोंदी साठल्या आहेत, त्याला माझ्या मालावर बोलीच लावता येऊ नये. ही अट उपयोगी पडते ती आधीच्या विक्रेत्यांनी खऱ्या नोंदी केलेल्या असतील तरच.

आणि नेमक्या इथेच बरेच विक्रेते गप्प बसतात. पैसे न आलेला व्यवहार ते ‘दोघांच्या संमतीने रद्द’ असा दाखवून मोकळे होतात, कारण नोंद केली तर सूड म्हणून वाईट रिव्ह्यू येईल ही भीती असते. मी त्यांना दोष देत नाही. नव्या विक्रेत्याकडे रिव्ह्यूच थोडे असतात. त्यातला एक असा निघाला तर वाचणाऱ्याची नजर आधी त्यावरच जाते. पण या गप्प बसण्यामुळे बुडवणाऱ्याचं पान स्वच्छ राहतं आणि पुढच्या विक्रेत्याला काहीच कळत नाही. तुमच्याविरुद्धची नोंद मी केली ती त्या पुढच्या विक्रेत्यासाठी, आणि अशी वेळ आली तर पुन्हा करेन.

भीतीने गप्प बसणं हा रोग फक्त विक्रेत्यांना झालेला नाही. ईबेवर 1996 मध्ये अभिप्रायाची सोय सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षं खरेदीदार आणि विक्रेता दोघेही एकमेकांना वाईट शेरा देऊ शकत होते. त्या काळात उलटं चालायचं. खरेदीदाराने पैसे वेळेवर भरलेले असले, तरी काही विक्रेते आपला शेरा हातात राखून ठेवायचे. आधी तुम्ही चांगलं लिहा, मग आम्ही लिहितो. माल खराब निघाला तरी खरेदीदार लिहायला धजत नसे, कारण लगेच त्याच्याही पानावर वाईट शेरा पडायचा. बोल्टन, ग्राइनर आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी अशा लिलावांतले अभिप्राय तपासून 2013 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा गाभा हाच होता. परतफेडीच्या भीतीने लोक खरं लिहीत नाहीत, आणि मग अभिप्रायांवरून कुणावर विश्वास ठेवावा हे कळेनासं होतं. 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांकडून खरेदीदाराला वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. तेव्हा विक्रेत्यांनी बरीच ओरड केली. मी स्वतः विक्रेता आहे आणि तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो. पैसे भरून मोकळ्या झालेल्या माणसाला मालाबद्दल निर्भयपणे बोलता आलंच पाहिजे.

मात्र त्यानंतर विक्रेत्याच्या हातात खरं सांगायची एकच जागा उरली, ती म्हणजे पैसे न भरल्याची नोंद. त्या नोंदीत मत मांडायला जागाच नाही. पैसे आले की नाही, एवढंच साइट तपासते. तीही धमकी देऊन पुसायला लावता आली, तर लिलावात हात आखडून, हिशेबाने बोली लावणाऱ्या सरळ माणसाचं रक्षण कोण करणार?

वाईट रिव्ह्यू आम्हाला नको असतो, असं कृपया समजू नका. आमच्याकडून लेन्स घेऊन कुणी लिहिलं की काचेवर वर्णनात नसलेला ओरखडा निघाला, तर तो रिव्ह्यू आमच्यासाठी सोन्याचा आहे. तो पुढच्या ग्राहकाला वाचवतो आणि आम्हाला तपासणी कुठे कडक करायची ते सांगतो. पण त्यासाठी लेन्स हातात यावी लागते. तुम्ही ती पाहिलेली नाही, पॅकिंग उघडलेलं नाही, पैसे दिलेले नाहीत. तुमच्या एका ताऱ्यात आमच्या मालाबद्दल किंवा सेवेबद्दल एकही गोष्ट नाही. आहे तो फक्त रद्द झालेला व्यवहार, आणि तो रद्द का झाला हे तुम्ही लिहिलं नाहीत.

पैसे न भरणारा प्रत्येकजण लबाड असतो, असं मी मुळीच मानत नाही. एकाच वस्तूच्या तीन लिलावांत बोली लावून ठेवलेली असते आणि नेमके तिन्ही जिंकले जातात. रक्कम टाइप करताना शून्य जास्त पडतं. पाठवणीचा खर्च नंतर लक्षात येतो. बँक पेमेंट अडवते. घरातलं लहान मूल फोनवर खेळता खेळता बोली लावून बसतं. हे सगळं घडतं आणि बहुतेक माणसं दोन ओळींत तसं कळवतात. रक्कम चुकली असेल, तर लिलाव संपायच्या आधी बोली मागे घेण्याची सोय असते. लिलाव संपल्यावरही कळवलं तर आम्ही दोघांच्या संमतीने व्यवहार रद्द करतो आणि खरेदीदाराच्या खात्यावर कसलाही डाग लागत नाही. हातोडा पडला की सौदा पक्का, हा लिलावाचा जुना नियम आहे. तरी अडचण सांगणाऱ्या माणसाला त्या नियमात अडकवून आम्हाला काय मिळणार? राग येतो तो काहीच उत्तर न देण्याचा, कारण तेवढे दिवस लेन्स ना तुमची असते, ना दुसऱ्या कुणाची.

आता काही साइट बोली लावण्याआधीच पेमेंटची पद्धत नोंदवून घेतात. त्याने असे प्रकार कमी होतील असं मला वाटतं. काही प्रामाणिक माणसं त्यामुळे लिलावाबाहेर राहतील याची खंत आहे, पण आजच्या अवस्थेपेक्षा ते बरं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, पैसे भरण्याचा तुम्ही खरोखर प्रयत्न केला असेल आणि बँकेने किंवा साइटने तो नाकारला असेल, तर त्याचा संदेश किंवा खात्याचा उतारा तुमच्याकडे असेल. तो जोडून साइटकडे नोंदीविरुद्ध दाद मागा. त्यांनी आम्हाला विचारलं तर आमची हरकत नाही असं लेखी देईन, आणि आमच्या ब्लॉक यादीतूनही तुमचं खातं काढेन. त्यासाठी हा रिव्ह्यू काढा किंवा बदला, अशी अट मी घालत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं-घेणं आम्ही करत नाही. पुरावा नसेल, तर नोंद आहे तशी राहील.