सक्शनची बाटली काढू नका

"अवकाशात सक्शन मशीन लागतच नाही. रक्ताचे गोळे तरंगतात, बाहेर फुकटची पोकळी आहे, नळी तिकडे सोडली की झालं. बाटली, फ्लोट, फिल्टर ही कंपन्यांची कमाई." हा मेसेज फिरत फिरत माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचला. तिच्या सासऱ्यांची ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र) झाली आहे, घरी कफ ओढायचं सक्शन मशीन आहे. तिने विचारलं, "दादा, नळी थेट पंपाला जोडली तर जोर वाढेल का?"

अजिबात जोडू नका! पंप हवा ओढतो, तिच्याबरोबर कफ आणि पाणी येतं. जड म्हणून ते बाटलीच्या तळाशी पडतं, वरून फक्त हवा पंपाकडे जाते. बाटली भरत आली की फ्लोट, म्हणजे आतला तरंगता गोळा, वर येऊन वाट बंद करतो. बाटली काढलीत तर कफ सरळ पंपात जाईल आणि नेमकी गळ्यात घरघर सुरू असताना मशीन बंद पडेल.

अवकाशात हे खाली पडणंच नसतं. द्रव भिंतीला चिकटतो, हवेत मिसळून फेस होतो आणि पंपाच्या तोंडाशी पोचतो. म्हणून तिथे बाटलीपेक्षा जास्त खटाटोप करावा लागतो: द्रव कडेला फेकणारा फिरता ड्रम, नाहीतर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा.

हवा आणि पाणी वेगळं करणं फसलं की काय होतं? १६ जुलै २०१३ रोजी इटालियन अंतराळवीर लुका परमितानो अवकाशस्थानकाबाहेर काम करत होता. नासाच्या चौकशीनुसार त्याच्या सूटमधल्या पाणी वेगळं करणाऱ्या ड्रमची बारीक छिद्रं सिलिकाने बुजली होती. पाणी हवेच्या वाटेत शिरलं आणि एक ते दीड लिटर हेल्मेटमध्ये साचलं. डोळ्यांवर, नाकावर पाण्याचा थर चढला. काम सोडून, धड दिसत नसताना, दोरीच्या अंदाजाने त्याला आत यावं लागलं. सूटमध्ये ही गत, तर मग रक्त आणि कफ ओढणाऱ्या यंत्राचं काय?

रक्त तरंगतं हे अर्धं खरं, तेवढं मान्य. पण हळू वाहणारं रक्त पृष्ठताणामुळे जखमेवरच घुमटासारखं बसून राहतं. धमनीतून उडालेलं मात्र थेंब होऊन केबिनभर पसरतं.

राहिली फुकटची पोकळी. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेतला कफ ओढायला साधारण १०० ते १५० मिमी पाऱ्याइतकी ओढ वापरतात. केबिनमधला दाब ७६० मिमी. नळी थेट बाहेर उघडली तर ती सगळी ओढ नाजूक अस्तरावर येईल, केबिनची हवा जाईल ती वेगळीच. आणि पोकळीत द्रव उकळता उकळताच गोठतो, म्हणजे नळीही तुंबणार.