इंग्रजी ग्रामर मराठीतनं शिकवा की!

सिन्स कधी, फॉर कधी, अ की ॲन, द कुठं लावायचा, हॅव घालायचा का नाही… दहावीची पोरं असूदेत नाहीतर पुण्याला इंटरव्ह्यूला निघालेली, प्रश्न हेच. आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासपासून गावाकडच्या शाळेपर्यंत बऱ्याच ठिकाणी उत्तरही एकच मिळतंय, रूल पाठ कर आणि वर्गात मराठी बोलू नको. मला हे अजिबात पटत नाही, कारण यातल्या कितीतरी चुका मराठीतनंच आलेल्या असतात, मग त्या मराठीतनंच दाखवायला नकोत का?

आता हेच बघा. आपण सहज म्हणतो 'मी कालच आलोय'. आलो वेगळं, आलोय वेगळं, आलोय म्हणजे आलो आणि अजून हितंच आहे. इंग्रजीतला 'हॅव कम' साधारण हेच काम करतो, फक्त आपल्या आलोयला 'काल' चालतो आणि त्यांच्या हॅवला चालत नाही. काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये, असा संपलेला वेळ सांगितला की 'आय केम यस्टरडे'च. 'आय हॅव कम यस्टरडे' म्हणणाऱ्या पोराला ढ ठरवू नका, त्यानं मराठीतलं बरोबर वाक्य तसंच उचलून नेलंय. सिन्स-फॉरचा घोळ पण असाच. आपण 'पाच वर्षांपासून' म्हणतो आणि '2019 पासून' पण म्हणतो, दोन्हीकडं पासूनच, म्हणून पोरं सगळीकडं सिन्स लावतात. किती काळ ते सांगायचं तर फॉर, कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, एवढंच आहे.

अ आणि द साठी तर आपली गोष्टच घ्या. 'एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा 'एक', ओळख झाल्यावर 'त्या', म्हणजे आधी अ मग द. सगळे उपयोग यात बसत नाहीत, सूर्याला पहिल्यापासूनच द लागतो, पण सुरुवात इथनं केली तर पोरं घाबरत नाहीत. आणि अ की ॲन अडलं तर शब्द देवनागरीत लिहून बघायचा! अवर (म्हणजे तास), एमएलए स्वरानं सुरू होतात म्हणून ॲन, युनिव्हर्सिटी य नं सुरू होतं म्हणून अ. स्पेलिंगकडं बघायचंच नाही, उच्चार बघायचा.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वाक्य प्रिपोझिशननं, म्हणजे फॉर, टू, विथ असल्या शब्दानं संपलं म्हणून मार्क कापतात अजून. अहो, 1672 मध्ये ड्रायडन नावाच्या इंग्रज कवीनं त्यावर नाक मुरडलं होतं, पण इंग्रज स्वतः 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर' असंच बोलतात आणि ते शुद्धच आहे. 'प्रीपोन'ला (ठरलेली वेळ अलीकडं आणणं) पण हसतात, तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. भारतात बिनधास्त वापरा, बाहेरच्या देशात मेल पाठवताना 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा म्हणजे समोरच्याला अडणार नाही. तो वेळ 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'वर घालवा, इंटरव्ह्यूत तेच आधी कानाला खटकतं. भाऊ 'आहेत' असं सांगायचं असेल तिथं नुसतं 'आय हॅव'.