‘नुसती चालू करून द्या’ : एका तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. वडिलांची टू-स्ट्रोक गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये उभी होती आणि तुम्ही ती आमच्याकडे ‘नुसती चालू करून द्या’ म्हणून आणलीत. आम्ही इंजिन विनाकारण उघडलं, काम लांबवलं, बिल वाढवलं आणि एवढं करून गाडी घरी धूर ओकते, असं तुम्ही लिहिलंय. प्लगला करंट होता, म्हणजे ताजं पेट्रोल टाकून धक्का मारला असता तरी ती चालू झाली असती, असं दुसऱ्या एका मेकॅनिकने तुम्हाला सांगितलं.

चालू झालीही असती. मला काळजी होती ती त्याच्या पुढची.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या बंद पेटीत जातात, तिथून वर सिलिंडरमध्ये. म्हणून क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंची ऑइल सील (हवा आणि ऑइल अडवणारी रबरी कडी) धड असावी लागतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्यांचं रबर वाळून कडक होतं. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं की तिथून जास्तीची हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. हे होतं ते बहुतेक रस्त्यावर, गाडी वेगात असताना. मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं आणि क्लच दाबायला क्षणभरही मिळत नाही. त्या गाडीवर तुम्ही बसणार होतात, सर. प्लगचा करंट पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल या ठिणगी पाडणाऱ्या भागांची खबर देतो, सीलबद्दल तो काहीच सांगत नाही.

आम्ही पहिल्या दिवशी किक मारलीच नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं, ते मुरू दिलं, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे केलं. पिस्टन खाली सरकला तेव्हा टॉर्चच्या उजेडात सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची तांबडी कड दिसली, पिस्टनच्या रिंगा इतकी वर्षं टेकून बसल्या होत्या अगदी तिथेच. अशा इंजिनाला जोरात किक मारली, तर गंजाने धरलेली रिंग पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीच्या, कडेला लागून तुटू शकते आणि तिचा तुकडा सिलिंडर ओरबाडतो. त्या कडेचा फोटो तुम्हाला त्याच दिवशी पाठवला होता. तुमचा होकार आल्यावरच हेडचे नट सोडले.

कार्बोरेटर, टाकी आणि पॉइंट साफ करायला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो पिस्टनपायी. गंजलेल्या सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) वाढवायचा तर आधी ओव्हरसाइझ, म्हणजे किंचित मोठा पिस्टन हातात यावा लागतो, मग त्याच्या मापाने सिलिंडर घासला जातो. पिस्टन येण्याआधीच अंदाजाने बोअर करून मोकळं होणारे लोक आहेत, पण ते काम मला पटत नाही. बदललेली जुनी सील आणि रिंगा टूलबॉक्समधल्या पिशवीत ठेवल्या आहेत. एक सील बोटांत धरून वाकवून बघा, तडे उघडे पडतील.

आता धुराचं. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल साचून घट्ट झालं होतं. निघेल तेवढं काढलं, उरलेलं सायलेन्सर तापेल तसं जळतंय. शिवाय नव्या रिंगा बसेपर्यंत आम्ही पेट्रोलच्या लिटरला 40 मिली ऑइल घालायला सांगितलं आहे, त्याचाही थोडा धूर असतोच. दर फेरीला तो कमी होत जायला हवा. तसं झालं नाही, किंवा गिअरबॉक्सचं ऑइल कमी होताना दिसलं, तर गाडी घेऊन या. गिअरच्या बाजूचं सील ऑइल आत ओढतंय का, ते मी स्वतः उघडून बघेन आणि त्याची मजुरी घेणार नाही.

तोवर तिला चढावर ताणू नका, लांब पल्ल्यावर मध्येमध्ये थांबून इंजिन थंड होऊ द्या. पुन्हा महिनाभर उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. पेट्रोल उडून गेल्यावर खाली जो चिकट थर उरतो, तोच जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, बुजवतो.